आमची वाटचाल : मंडईतल्या गाळ्यापासून स्टेजच्या सजावटीपर्यंत

आमचं घर हारवाल्यांचं. पुण्यात मंडईजवळ वडिलांचा लहानसा गाळा होता. पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून निशिगंध, झेंडू, शेवंती उचलायची आणि दिवसभर ओवत बसायचं. बुके आणि स्टेजची कामं मी धंद्यात आल्यावर सुरू झाली.

बुक्यातले मोती, रिबिनी, पिसं वडिलांच्या डोळ्यांत खुपायची. "फुलाला दागिना कशाला?" असं ते विचारायचे, आणि त्याच वेळी हातातल्या हाराला जरीचा गोंडा लावत असायचे! मी ऐकून घ्यायचो. पण त्यांचं अर्धं म्हणणं आम्ही आजही पाळतो. फुलांवर चमकीचा स्प्रे मारत नाही. मोत्याची पिन गुलाबात खुपसत नाही, कारण पाकळी टोचली की तिथे डाग धरतो. मोती बारीक तारेत ओवून फुलाशेजारी उभा करतो.

जास्त काळजी मात्र न दिसणाऱ्या सामानाची. फुलांचे देठ खोचायचा हिरवा स्पंज पाण्यावर नुसता सोडायचा, आपोआप बुडू द्यायचा. घाईत दाबला तर आत हवा कोंडते. वरून ओला दिसतो, पण देठ कोरड्यात जातो आणि मंगलाष्टकांच्या आधीच जरबेरा मान टाकतो. नव्या पोरांना आमच्याकडे सगळ्यात आधी हे शिकवतात. हा स्पंज कुजत नाही, एकदा भोकं पडली की पुन्हा कामाचाही राहत नाही. म्हणून मोठ्या भांड्यांत आता कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी गुंडाळून बसवतो. धुतली की पुढच्या कामाला तयार.

2018 मध्ये राज्यात प्लास्टिक-थर्माकोलवर बंदी आली आणि थर्माकोलची अक्षरं, कमानी, मखरं बंद झाली. आम्ही बुरूड आळीतून सुपं, टोपल्या, बांबूच्या चौकटी आणायला लागलो. त्यावर झेंडू जितका खुलतो तितका थर्माकोलवर कधीच खुलला नव्हता, हे माझं प्रामाणिक मत.

हिशेबाचंही सांगतो. फुलांचा भाव आमच्या हातात नाही. फेब्रुवारीत व्हॅलेंटाइनसाठी मावळातला चांगला गुलाब परदेशी जातो, त्यात लग्नाच्या तिथी दाट आल्या की ठरवलेल्या रकमेत फुलंच बसत नाहीत. शिवाय दुसऱ्या दिवशी त्यांचा कचरा. फुलं तरंगवायच्या पसरट पितळी उरळ्या, समया, लोखंडी स्टँड मात्र परत गोदामात येतात आणि पुढच्या लग्नाला पुन्हा भाडं मिळवतात. आमच्या पोरांचे पगार बऱ्याच अंशी या सामानावर निघतात.

हे सामान आम्ही आमच्याच सजावटीसोबत देतो. नुसतं भाड्याने मागायला बरेच जण येतात. त्यांना हात जोडतो. समई परत येते, पण तिच्यावरचा मोर येत नाही.