डांबरगोळीची नोंद

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असा शाळेचा निरोप आला आणि मी माळ्यावरची जुनी पेटी खाली काढली. तिच्यात माझी सातवीची विज्ञानाची वही आहे. प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ, डावीकडे ‘अंदाज’, उजवीकडे ‘दिसलं’. आमच्या विज्ञानाच्या बाईंचा एकच कडक नियम होता: प्रयोगाआधी अंदाज लिहायचा आणि चुकला तरी तो खोडायचा नाही.

‘द्रव्य आणि त्याचे गुणधर्म’ हा धडा सुरू करण्याआधी बाई म्हणाल्या, “उद्या घरातली एकेक वस्तू आणा. विकत काही आणायचं नाही.” दुसऱ्या दिवशी टेबलावर चमचे, बटणं, कुलूप, साबणाची वडी, मेणबत्ती, स्पंज असा ढीग जमला. बाईंनी त्यातले चार चमचे एका ओळीत मांडले: स्टीलचा, ॲल्युमिनियमचा, लाकडाचा, प्लास्टिकचा. “हे काय आहे?” आम्ही एका सुरात ओरडलो, “चमचे!” “चमचा हा झाला आकार. मी विचारतेय, हे आहे कशाचं?”

वर्ग गप्प झाला. तोवर वस्तू आणि ती ज्याची बनली ते द्रव्य, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं माझ्या मनातही आलं नव्हतं. मग बाईंनी चारही चमच्यांचे दांडे एकाच गरम पाण्याच्या चंचुपात्रात सोडले आणि वरच्या टोकांना मेणाने एकेक बटण चिकटवलं. ॲल्युमिनियमच्या चमच्यावरचं बटण आधी गळून पडलं, स्टीलचं बऱ्याच वेळाने. लाकूड आणि प्लास्टिकवरची बटणं तास संपला तरी जागची हलली नाहीत.

पण मला खरा धक्का दिला तो त्यानंतरच्या प्रयोगाने. बाकावर स्टीलची ताटली आणि शेजारी लाकडी पाट असे दोन्ही सकाळपासून ठेवलेले. हात लावला तर ताटली गार, पाट कोमट. कोण जास्त थंड? माझ्या वहीत डावीकडे ठळक अक्षरांत लिहिलंय: ‘ताटली’. बाईंनी दोन्हींना तापमापी टेकवून धरली. दोन्हीकडे २६ अंश. तापमापी बिघडली असेल, असं मी मोठ्याने म्हणालो. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी बर्फाचे दोन सारखे खडे आणले आणि एकेक दोन्हींवर ठेवला. “गार ताटलीवरचा बर्फ जास्त टिकायला हवा, नाही का?”

ताटलीवरचा खडा बघता बघता पाणी झाला. पाटावरचा तसाच बसून होता.

तो खडा विरघळताना मी इतक्या जवळून पाहत होतो की माझा श्वास ताटलीवर पडत होता. हाताला नुसतं तापमान कळत नाही, हातातली उष्णता किती झपाट्याने निघून जाते तेही त्यात मिसळलेलं असतं. स्टील ती भराभर ओढून घेतं म्हणून गार लागतं, आणि बर्फाला ती भराभर पोचवतं म्हणून बर्फ लवकर वितळतो. पुढे कळलं की लाकडाच्या तुलनेत स्टेनलेस स्टील सुमारे शंभरपट उष्णतावाहक आहे, आणि ॲल्युमिनियम स्टीलच्याही जवळजवळ पंधरापट. आज मी भांड्यांच्या कारखान्यात पत्र्याची गुणवत्ता तपासतो. स्टीलच्या भांड्याच्या बुडात ॲल्युमिनियमची चकती का दाबून बसवतात, हे नव्या मुलांना सांगायची वेळ आली की मी त्यांना आकडे नंतर देतो, आधी बर्फाचे दोन खडे देतो.

बाकीचे प्रयोगही वहीत आहेत. तळाशी कागद कोंबलेला पेला पाण्यात उपडा सरळ खाली दाबला तरी कागद कोरडा राहतो, कारण पेल्यात आधीच हवा बसलेली असते. वितळलेल्या मेणात मेणाचा तुकडा बुडतो, पाण्यावर मात्र बर्फ तरंगतो. हे शिकलो त्याच आठवड्यात मी घरी पाण्याने काठोकाठ भरलेली काचेची बाटली फ्रीझरमध्ये ठेवली आणि ती तडकली. गोठताना पाण्याचं आकारमान सुमारे ९ टक्के वाढतं, हे मी त्या काचा गोळा करताना आईला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि झाडू माझ्या हातात दिला.

वहीची शेवटची पानं डांबरगोळीची. बाईंनी दोन गोळ्या चिमट्याने उचलल्या, कारण ती विषारी असते आणि तिला हात लावायचा नाही. एक जाळीच्या कापडात बांधून खिडकीत टांगली, दुसरी घट्ट बुचाच्या बाटलीत ठेवली. दर शनिवारी दोन्हींचं वजन करायचं काम माझ्याकडे आलं. काचेच्या पेटीतला तराजू, पितळी वजनं, श्वास रोखून काट्याकडे बघणं. खिडकीतली गोळी पहिल्या शनिवारी ३.८ ग्रॅम होती. मग ३.६. मग ३.५. ओल नाही, डाग नाही, खाली एक थेंब नाही. गोळी वितळतच नव्हती, सरळ वायू होत होती. याला संप्लवन म्हणतात, हे पुस्तकात होतंच. बाईंनी विचारलं ते निराळं होतं: “कमी झालेला भाग गेला कुठे?” कुणालाच सांगता येईना. “वर्गात शिरताना वास येतो ना? तो वास म्हणजे गोळीच. तुमच्या नाकापर्यंत आलेली.”

बाटलीचं वजन मात्र दर शनिवारी तेच, ६१.४ ग्रॅम. काचेला आतून बारीक चमकदार पापुद्रे धरले होते, गोळीची एक कड झिजल्यासारखी दिसत होती, तरी काटा हलायला तयार नव्हता. लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७८९ सालच्या आपल्या ग्रंथात मांडलेला द्रव्य अक्षय्यतेचा नियम मी नंतर परीक्षेसाठी पाठ केला. पण तो मला पटला होता त्या तराजूपाशी.

वहीतली शेवटची नोंद वार्षिक परीक्षेच्या आदल्या शनिवारची आहे: खिडकीतली गोळी ०.९ ग्रॅम. तिच्या खाली पुढच्या शनिवारची तारीख मी आधीच घालून ठेवलेली दिसते. डावीकडे अंदाजही लिहिलाय, ०.८. उजवीकडचा रकाना कोरा आहे. तोवर शाळेला सुट्टी लागली होती.