काट्यावर परत आलेला ट्रेलर

जुलैचा दुसरा आठवडा. सकाळी साडेसहाला ड्रायव्हरचा फोन आला. "मॅडम, माल उतरवून घेत नाहीत. लॅबवाले म्हणतात ओला आहे. काय करू?"

तो कलबुर्गीकडच्या एका सिमेंट कारखान्याच्या गेटवर उभा होता. ट्रेलरमध्ये आमचा आरडीएफ, म्हणजे कचऱ्यापासून केलेलं इंधन. भंगारवालासुद्धा ज्याला हात लावत नाही ती वेष्टनं, चिंध्या, फाटक्या पिशव्या वेगळ्या काढायच्या, त्यांचे तुकडे करायचे आणि गाठी बांधून सिमेंटच्या भट्टीला इंधन म्हणून पाठवायच्या. करारात ओलावा 20 टक्क्यांच्या आत. आमचा 31 निघाला.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका महापालिकेचा कचरा घेणाऱ्या मोठ्या कंपनीत मी प्लांट सांभाळते. कंपनी वाढली ती एकाच कामावर: कचरा उचलायचा, काट्यावर तोलायचा, डेपोत ओतायचा, टनावर बिल लावायचं. आता गाड्यांवर हिरवी पानं रंगवली आहेत आणि बैठकीत दर दुसरं वाक्य पुनर्वापराचं असतं. बिल मात्र अजून टनावरच निघतं. पावसाळ्यात टिपर भिजून येतात, काट्यावर पाणीही तोललं जातं आणि आमची कमाई वाढते. तेच पाणी मालात राहून बाहेर पडलं की माल परत येतो. एका गेटवर ज्याचे पैसे मिळतात, त्याचाच दुसऱ्या गेटवर दंड बसतो.

भट्टीवाल्यांना मी दोष देत नाही. एक किलो पाण्याची नुसती वाफ करायला सुमारे 540 किलोकॅलरी खर्च होतात. ती उष्णता त्यांना क्लिंकरसाठी, म्हणजे ज्या भाजलेल्या खड्यांपासून सिमेंट दळतात त्यांच्यासाठी, हवी असते. पीव्हीसीचे तुकडे राहिले तर त्यातल्या क्लोरीनमुळे प्रीहीटरमध्ये, म्हणजे भट्टीआधी कच्चा माल तापवतात तिथे, थर साचतात, ते वेगळंच. 2016 च्या घनकचरा नियमांत आरडीएफ प्लांटपासून 100 किलोमीटरच्या आतल्या उद्योगांनी किमान 5 टक्के इंधन यातून घ्यावं असं होतं. आमच्या 100 किलोमीटरच्या वर्तुळात सिमेंटची एकही भट्टी नाही. म्हणून हलका माल चारशे किलोमीटर न्यायचा, भाडं आम्ही भरायचं, आणि परत आला तर येण्याचंही.

ट्रेलर वाटेत असताना मी शेडमध्ये गेले. पट्ट्यावर काम करणाऱ्या मावशी पूर्वी जुन्या डेपोवर कचरा वेचायच्या. प्लास्टिक त्या कानाने ओळखतात. चुरगाळून बघतात, वाकवून बघतात, आवाज ऐकतात आणि बाटली एका पिंपात, झाकण दुसऱ्यात. झाकणाचं प्लास्टिक वेगळं असतं, हे मला इंजिनियरिंगच्या चार वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. आम्ही लाखो रुपये घालून आणलेलं ट्रॉमेल, म्हणजे कचरा चाळणारं फिरतं पिंप, ओला-सुका मिसळलेला माल घातला की भाजीच्या पाल्याने तासाभरात चोंदतं. मावशींचे हात चोंदत नाहीत. त्यांना तरीही कंत्राटी रोजावर ठेवलं आहे, हे मला बिलकूल पटत नाही.

"मंडईकडचा माल मी बाजूला काढून ठेवला होता, मॅडम," त्या म्हणाल्या. "सुपरवायझरला सांगितलं, याला दोन दिवस वारा लागू दे. ते म्हणाले, आज गाडी भरायचीच आहे."

वारा लागायचा कुठे? वाळवणाच्या ओट्यावर पत्रे टाकायचा प्रस्ताव मी मार्चमध्ये पाठवला होता. त्या पैशांत नवा कॉम्पॅक्टर, म्हणजे कचरा दाबून आणणारी गाडी, आला. कॉम्पॅक्टर टन आणतो, पत्रे आणत नाहीत.

सुपरवायझरवर मी ओरडले नाही. गेटपासवर सही माझी होती. गाठींना हात लावला तेव्हा तळवा ओला झाला होता आणि तरीही मी सही केली, कारण महिन्याच्या तक्त्यात पाठवलेल्या गाड्यांचा रकाना रिकामा होता. हे मी अजून कुणाला नीट सांगितलेलं नाही.

दुपारी मुख्य कार्यालयातून मेल आला. त्या आठवड्यात आवक वर्षातली सर्वांत जास्त, सर्वांचं अभिनंदन. मी उत्तरात ओलाव्याचा रिपोर्ट जोडला आणि लिहिलं की ही वाढ कचऱ्याची नसून पाण्याची आहे. उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी रात्री अकराला ट्रेलर काट्यावर चढला. बाहेर सरी कोसळत होत्या, ताडपत्री एका कोपऱ्यातून फाटलेली. काट्यावरच्या मुलाने खिडकीतून डोकं काढलं. "मॅडम, आवकीत घेऊ का?"

आवकीत घेतला असता तर याच मालाचे महापालिकेकडून पुन्हा पैसे मिळाले असते. त्याने काही वावगं विचारलं नव्हतं. गेटमधून जे आत येतं ते आवक, हेच आम्ही त्याला शिकवलं आहे.

"परत आलेला माल अशी पावती काढ," मी म्हणाले.

त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. ओला, सुका, मिश्र, राडारोडा. पाचवा पर्याय नव्हता. मी जुनं रजिस्टर मागवलं, पेनने रकाना आखला, गाडीचा नंबर आणि वजन लिहिलं. सकाळी मावशींना गाठी सोडायला सांगितल्या. त्यांनी एक गाठ कापली, आत हात घातला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वाफ येतेय, मॅडम. आधी पसरायला जागा दाखवा."