भागून कोणी पाहिलं?

‘एवढी मोठी संख्या मूळ आहे हे छातीठोकपणे कसं सांगता? कोणी भागून पाहिलंय का?’ गणित शिकवणाऱ्याला हा प्रश्न हमखास येतो आणि मला तो फार आवडतो, कारण शंका अगदी योग्य ठिकाणी घेतलेली असते. उत्तरासाठी माझी लाडकी संख्याच घेतो: २१४७४८३६४७, म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १.

ती मूळ असल्याचं गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये दुसरा गणितज्ञ डॅनिएल बर्नुली याला पत्रातून कळवलं. तेव्हा ऑयलर सेंट पीटर्सबर्गमध्ये होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. या संख्येचं वर्गमूळ ४६,३४१ पेक्षा किंचित कमी. संख्या मूळ नसेल तर एक तरी विभाजक वर्गमूळाच्या आत सापडतोच. तिथवरच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागायचं म्हटलं तरी साडेचार हजारांवर भागाकार होतात. ऑयलरने ते केले नाहीत. विभाजक असलाच तर तो कसा असेल, हे त्याने आधी ठरवलं.

समजा, एखाद्या मूळ संख्येने भाग जातोय. तर २ च्या घातांना तिने भागत गेल्यावर दर ३१ पायऱ्यांनी बाकी १ येते, त्याआधी येत नाही. फर्माच्या प्रमेयानुसार त्या विभाजकापेक्षा एकने कमी असलेल्या पायरीवरही बाकी १ च येते. म्हणून विभाजकातून १ वजा केला की उरलेल्याला ३१ ने भाग गेलाच पाहिजे. आणि विभाजक विषम, म्हणजे ६२ ने. पटत नसेल तर लहान उदाहरण बघा. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि २०४७ = २३ × ८९. दोन्हींतून १ काढा: २२ आणि ८८. दोन्ही २२ च्या पटीत! मी फळ्यावर हे लिहितो तेव्हा आजही मला तितकाच आनंद होतो.

आणखी एक अट आहे: विभाजकाला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरते. दोन्ही अटी एकत्र केल्या की २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३ देणाऱ्या संख्याच उरतात. वर्गमूळापर्यंत त्या पावणेचारशेच्या आत आहेत. त्यातल्याही ६३, २४९ अशा कित्येक मूळच नाहीत. पहिली खरी उमेदवार ३११. तिने भागलं तर बाकी ३५. अशा एकेक करत सगळ्या बाद झाल्या.

२०२४ मध्ये जाहीर झालेली २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १ ही मूळ संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे. तिथे वर्गमूळापर्यंत भागत जाणं अशक्यच, त्यामुळे अंतिम निकाल लुकास-लेहमर चाचणी, म्हणजे ‘२ चा घात वजा १’ अशा संख्यांसाठीची खास चाचणी, देते. पण त्या महागड्या चाचणीला संख्या बसवण्याआधी संगणक लहान विभाजक तपासून घेतात, आणि ते निवडताना अटी ऑयलरच्याच लावतात.