तुम्ही विचारलंत म्हणून: तुमच्या मुलाला ड्रिफ्टिंग का शिकवत नाही

"काकू, स्वतः शिकलात ना, मग आमच्या पोराला दोन गोष्टी सांगायला काय जातं तुमचं?" इथे इंदूरला रामबागेतल्या हळदीकुंकवात हेच, छप्पन दुकानवर पोहे खाताना हेच. एकदाच नीट सांगते.

ड्रिफ्टिंग म्हणजे गाडीची मागची चाकं मुद्दाम घसरवून ती तिरकी, पण ताब्यात ठेवून चालवणं. सांगण्यासारखं तसं फार नाही हो. गाडी मागच्या चाकांवर चालणारी हवी. तुमची हॅचबॅक पुढच्या चाकांवर चालते, हँडब्रेक ओढला तर मागून फिरेल, पण ते ड्रिफ्ट नव्हे. बंद मैदान हवं, आसपास खांब नको, झाड नको, कठडा नको. जमीन ओली करायची म्हणजे कमी स्पीडलाच टायर सुटतात. मध्ये एक कोन, म्हणजे ट्रॅफिकवाल्यांचा असतो तसला शंकू, ठेवून त्याच्याभोवती गोल फिरायचं, ॲक्सिलरेटर थोडा जास्त दिला की मागचा भाग बाहेर पळतो, तो ज्या बाजूला पळाला त्याच बाजूला स्टीअरिंग वळवायचं, नजर जिथे जायचंय तिथे. घाबरून पाय झटकन उचललात की टायर एकदम पकडतात आणि गाडी उलट्या बाजूला फेकली जाते. आणि अंगठे स्टीअरिंगच्या दांड्यांत अडकवायचे नाहीत, चाक स्वतःहून इतक्या जोरात फिरतं की हाड मोडेल.

झालं. मग नाही का म्हणते?

मी ड्रिफ्टिंग शिकायला जाते तिथे आमच्या बॅचमध्ये एक मुलगा होता, एकोणीस-वीसचा. हात माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. मी गिरकी खाऊन उलट्या तोंडाने उभी राहायचे आणि हा कोनाभोवती अख्खं वर्तुळ एका लयीत काढायचा, स्टीअरिंग बोटांतून सोडून परत धरायचा, बघत राहावंसं वाटायचं. त्या दिवशी तो उतरला, हेल्मेट काढलं, घामाने केस चिकटलेले, चेहरा इतका खुश, आणि मित्राला फोनवर म्हणाला, "भिया, आज रात को सुपर कॉरिडोर, खाली मिलेगा." सुपर कॉरिडोर म्हणजे इथला मोठा, सगळ्यांच्या रहदारीचा रस्ता. शिकवणाऱ्या सरांनी ऐकलं. किल्ली खिशात टाकली आणि त्याचं शिकणं तिथेच बंद. तो भांडला, रडवेला झाला. म्हणाला, "सर, अब तो कंट्रोल आ गया ना!"

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कारण आधी मीच सगळ्यांना सांगत फिरायचे की हे लायसन्सच्या आधी सक्तीने शिकवा, पावसात बायपासवर गाडी घसरली तर जीव वाचेल. नॉर्वेत 1979 पासून घसरड्या रस्त्याचं ट्रेनिंग खरंच सक्तीचं केलं होतं, आणि तरुण मुलांचे तसल्या रस्त्यावरचे अपघात कमी व्हायच्या ऐवजी वाढले. हात शिकला त्याहून जास्त भरवसा शिकला.

मग मी कशाला जाते अजून? आवडतं म्हणून, खोटं कशाला बोलू. गाडी सुटते आणि आपण तिला धरून ठेवतो, त्या दोन-तीन सेकंदांत डोक्यात दुसरं काहीच नसतं. आणि मागे पावसात गाडी मागून सरकली तेव्हा हात आपोआप वळले, हेही खरं. म्हणजे फायदा होतोच. मग तुमच्या मुलाला तो का नको, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि तरी मी नाहीच म्हणते.

इथे जवळच पिथमपूरला नॅट्रॅक्समध्ये, म्हणजे गाड्या तपासायच्या केंद्रात, 11.3 किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक कशासाठी बांधला? गाडीची हद्द रस्त्यावर तपासायची नसते म्हणूनच ना? हे पोराच्या तोंडून मला आधी ऐकू द्या. तुम्ही त्याच्या वतीने सांगू नका.