पाचगणीच्या उतारावर रिमोटची निवड

पावसाळा सरला की साताऱ्यापासून महाबळेश्वरपर्यंतच्या रिसॉर्टांची, निवासी शाळांची आणि मंगल कार्यालयांची लॉनची सिंचन यंत्रणा पुन्हा सुरू करून देण्याची कामे आमच्याकडे एकदम येतात. जूनपासून ती यंत्रणा बंदच असते. त्या काळात व्हॉल्व्ह बॉक्समध्ये गाळ साचतो, मुंग्या घर करतात, तारांच्या जोडांत पाणी शिरते आणि पॉप-अप स्प्रिंकलरच्या तोंडावर गवत चढते. त्यामुळे प्रत्येक झोन, म्हणजे एका व्हॉल्व्हवर चालणारा लॉनचा भाग, एकेक करून चालवून पाहावा लागतो. त्याची रुळलेली पद्धत अशी की, एक जण कंट्रोलरपाशी, म्हणजे झोन चालू-बंद करणाऱ्या पेटीपाशी, उभा राहतो, दुसरा लॉनवर, आणि मध्ये फोन किंवा सरळ आरोळी: “चार लाव!” “लावला!” “आता पाच!”

यात दोन माणसे अडकतात ही आमच्या मालकांची तक्रार होती. माझी तक्रार वेगळी होती. झोन उघडल्यानंतरची पहिली तीस-चाळीस सेकंदे हीच खरी तपासणीची वेळ असते. नळीतली हवा फुसफुसत बाहेर पडते, स्प्रिंकलर एकामागून एक डोके वर काढतात. जो अडखळत वर येतो त्याच्या सीलमध्ये माती असते, ज्याच्या बुडाशी बुडबुडे दिसतात त्याची खालची जोडणी सुटलेली असते. फोनवर “लावला” ऐकून त्या कोपऱ्यापर्यंत धावत जावे, तोवर सगळे स्प्रिंकलर वर येऊन बसलेले असतात आणि निम्मा पुरावा भिजून गेलेला असतो. म्हणून सर्व्हिसिंगसाठी, लॉनवर उभे राहूनच झोन चालू-बंद करता येईल असा रिमोट घ्यायचे ठरले आणि निवड माझ्यावर सोपवली गेली, तेव्हा मी माहितीपत्रकांवरून निर्णय देणार नाही, सगळ्या अडचणी एकत्र असलेल्या जागेवर वापरून पाहीन, असे सांगितले. मालकांच्या ओळखीने तीन प्रकारची साधने एका दिवसापुरती मिळाली आणि ती घेऊन मी व माझा तरुण सहकारी सकाळीच पसरणीचा घाट चढलो.

जागा होती पाचगणीतले उतारावरचे एक रिसॉर्ट. लॉन तीन टप्प्यांत उतरलेले. प्रत्येक टप्प्यामध्ये जांभ्याची उभी कापणी आणि तिच्यावर दगडी भिंत. पंप, जनरेटर आणि दोन कंट्रोलर सगळ्यांत वरच्या खोलीत. त्यातला नवा कंट्रोलर वरचे दोन टप्पे सांभाळतो; त्याला रिमोटसाठी स्वतंत्र जोडणी आहे आणि वाय-फायचे मॉड्यूलही आहे. खालचा टप्पा जुन्या कंट्रोलरवर, ज्याला यांपैकी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी तिथे लग्न होते, त्यामुळे लॉन दुपारपर्यंत मोकळे करून देणे भाग होते.

बाजारात जे मिळते त्याचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात. पहिला, कंट्रोलर बनवणाऱ्या कंपनीचाच रिमोट, जो त्या कंट्रोलरच्या ठरलेल्या जोडणीत बसतो. हंटर कंपनीचा रोम हा त्यातला ओळखीचा, त्याचा मोकळ्यावरचा पल्ला सुमारे ३०० मीटर आणि त्याच्या एक्सएल आवृत्तीचा ३ किलोमीटरपर्यंत सांगितला जातो. दुसरा, कोणत्याही कंट्रोलरला चालणारा रिमोट, ज्याच्या रिसिव्हरच्या, म्हणजे हुकूम झेलणाऱ्या भागाच्या, तारा थेट व्हॉल्व्हच्या टर्मिनलवर चिमट्यांनी लावायच्या. तिसरा म्हणजे मोबाइलवरचे अ‍ॅप. सगळ्यांचे अंतिम काम एकच आहे: जमिनीखालच्या व्हॉल्व्हच्या सोलेनॉइडला, म्हणजे तो उघडणाऱ्या विजेच्या कॉइलला, २४ व्होल्ट एसी पोहोचवणे. फरक आहे तो हा हुकूम कोणाच्या हातून जातो यात, आणि तो फरक किती मोठा आहे हे त्या दिवशी पदोपदी दिसले.

सुरुवात पहिल्या प्रकाराने केली. वरच्या टप्प्यावर काम सुरळीत झाले. मधल्या टप्प्यावर कधी झोन लागे, कधी नाही. पेटीवर छापलेल्या पल्ल्याच्या मानाने आम्ही फारच जवळ होतो. पण तो पल्ला उघड्या मैदानाचा असतो, आणि इथे मध्ये दगडी इमारत व जांभ्याची भिंत होती. शिवाय कंट्रोलरसाठी बसवलेले पॅनेल पत्र्याचे होते आणि रिसिव्हर त्याच्या आत दार लावून ठेवला होता. पत्र्याच्या पेटीत रेडिओ लहरी कोंडल्या जातात हे माहीत असूनही लोक सवयीने दार लावतात. रिसिव्हर बाहेर काढून, लांब तारेने खिडकीच्या गजाला टांगला, तेव्हा मधला टप्पा पूर्ण हाती आला. खालच्या टप्प्याचा प्रश्न इथे नव्हताच, कारण जुना कंट्रोलर या रिमोटच्या जातीतला नव्हता.

तेव्हा जुन्या कंट्रोलरचा डायल ‘ऑफ’वर आणून दुसऱ्या प्रकारचा रिसिव्हर त्याच्या टर्मिनलवर चढवला. डायल बंद करणे आवश्यक असते. नाहीतर मध्येच कंट्रोलरचा स्वतःचा कार्यक्रम सुरू होतो, दोन झोन एकदम उघडतात आणि दाब पडल्यामुळे धडधाकट स्प्रिंकलरही रोगट वाटू लागतात. सहकारी खाली गेला, त्याने पहिला झोन लावला आणि थोड्याच वेळात त्याचा फोन आला: “दादा, इथले सगळे व्हॉल्व्ह जाम दिसतात. कॉइलचा टकटक आवाज येतोय, पण एकही स्प्रिंकलर वर येत नाही.” मी जनरेटरच्या खोलीतच होतो आणि माझ्या शेजारी पंप गप्प होता.

कारण सरळ होते. कंट्रोलर स्वतः एखादा झोन चालवतो तेव्हा तो व्हॉल्व्हबरोबरच पंपाच्या टर्मिनललाही वीज देतो. त्याने रिले, म्हणजे पंपाचा विजेवर चालणारा स्विच, ओढला जातो आणि पंप सुरू होतो. कंपनीचा रिमोट कंट्रोलरलाच हुकूम देत असल्याने ही सांगड आपोआप राहते. दुसऱ्या प्रकारचा रिसिव्हर मात्र कंट्रोलरला वगळून थेट व्हॉल्व्हच्या टर्मिनलला वीज देतो. पंपाला कोणी उठवतच नाही. ज्याला हे ठाऊक नाही तो तंत्रज्ञ निर्दोष व्हॉल्व्ह उघडून त्यांचे डायफ्राम, म्हणजे आतले रबरी पडदे, बदलत बसेल आणि बिलही लावेल. आमच्या हातातल्या रिसिव्हरला सुदैवाने पंपासाठी वेगळी तार होती, कोणताही झोन लावला की तीही जिवंत होणारी. ती पंपाच्या टर्मिनलवर चढवली आणि खालचे लॉन उठले. अशी तार नसलेला सार्वत्रिक रिमोट घ्यायचा नाही, हे मी तिथेच वहीत लिहिले. रिसिव्हर किती प्रवाह पेलतो हेही पाहावे लागते, कारण व्हॉल्व्हची एक कॉइल साधारण पाव अँपिअरच्या आसपास घेते, आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर अमेरिकेतल्या ६० हर्ट्झपेक्षा थोडा अधिक, आणि त्यात रिलेची भर पडते.

खालच्या टप्प्यावर झोन लावल्याक्षणी तिथे हजर असल्याचा फायदा लगेच दिसला. वरून खाली येताना दर दहा मीटर उतारामागे सुमारे एक बार दाब वाढतो. तिथल्या फवारा नोझलमधून पाण्याच्या थेंबांऐवजी धुके उडत होते आणि वाऱ्याबरोबर दरीकडे जात होते. माळी हे रोज पाहत असूनही व्यवस्थापकांना ते ‘छान बारीक तुषार’ वाटत असत. दाब नियंत्रित करणारे स्प्रिंकलर बसवण्याची शिफारस लिहून घेतली.

एका झोनचा मात्र पत्ता लागेना. हुकूम जात होता, टर्मिनलवर वीज होती, पाणी कुठेच नव्हते, आणि व्हॉल्व्ह बॉक्स कोठे आहे हे कोणालाच माहीत नव्हते. यंत्रणा बसवणाऱ्याने नकाशा दिला नव्हता आणि बॉक्सवर गवताने केव्हाच पांघरूण घातले होते. या रिमोटमध्ये सोलेनॉइडला झपाट्याने चालू-बंद करत राहण्याची सोय होती, ज्याने कॉइलमधला दांडा खडखडत राहतो. पंपाची तार तेवढ्यापुरती काढून ठेवली, आसपासच्या कामगारांना गप्प राहण्याची विनंती केली आणि सहकारी अक्षरशः जमिनीला कान लावून सरकू लागला. सिल्व्हर ओकच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर त्याला तो आवाज सापडला, लाकडाच्या कपाटात भुंगा अडकल्यासारखा. पहारीने गवताचा थर उचलला. खाली बॉक्सचे हिरवे झाकण, त्याखाली लाल चिखल. मल्टिमीटरने कॉइल मोजली, २८ ओहम. २० ते ६० च्या दरम्यान असली तर ती ठीक समजतात. दोष पाण्याच्या बाजूला होता: डायफ्रामच्या वरचे पाणी ज्या बारीक छिद्रातून निसटायचे त्यात जांभ्याचा खडा बसला होता, त्यामुळे कॉइल उचलूनही डायफ्राम बसून राहत होता. खडा काढला, झोन चालू झाला. केवळ या सोयीसाठी थोडे अधिक पैसे मोजायला माझी ना नव्हती.

अ‍ॅपची पाळी आली ती व्यवस्थापकांच्या आग्रहाने. त्यांच्या मते एवढ्या यंत्रांची गरजच नव्हती; त्यांच्या मोबाइलवरून सगळे चालते. खालच्या टप्प्याच्या पायऱ्यांवर उभे राहून त्यांनी मधल्या टप्प्याचा एक झोन लावला. पडद्यावर चक्र फिरत राहिले. त्यांनी दुसरा लावून पाहिला; पुन्हा चक्र. दरीच्या त्या अंगाला मोबाइलचे नेटवर्क येते-जाते आणि वरच्या खोलीतले वाय-फायही खात्रीचे नाही. “राहू द्या, साहेब,” असे मी म्हणेपर्यंत त्यांनी हसून मोबाइल खिशात घातला. दरम्यान मधल्या टप्प्यावर मंडपवाल्यांनी गालिचे अंथरायला घेतले होते आणि कडेने विजेच्या तारा टाकत होते. नेटवर्क परत आले आणि तो हुकूम उशिरा पोहोचला. वर एकदम आरडाओरडा झाला. व्यवस्थापकांनी मोबाइल काढला तर पुन्हा चक्र. मी पायऱ्या चढत होतो. माझ्या हातातला रिमोट जुन्या कंट्रोलरवरचा असल्याने त्या झोनशी त्याचा संबंध नव्हता. पाणी थांबवले ते रिसॉर्टच्या माळ्यांनी, ज्यांना सगळे तात्या म्हणतात. त्यांनी कोणाचे काही न ऐकता मधल्या टप्प्याच्या तोंडाशी असलेला बॉल व्हॉल्व्ह पाव वळसा फिरवला. दोन गालिचे भिजले, तारांमध्ये अजून वीज सोडलेली नव्हती.

अ‍ॅप वाईट आहे असा याचा अर्थ मी काढत नाही. हंगामानुसार वेळा बदलणे, पावसात पाणी बंद ठेवणे, घरबसल्या नोंदी पाहणे यांसाठी ते मालकाच्या हातात असावे. पण ते आमचे हत्यार होऊ शकत नाही. प्रत्येक ग्राहकाकडून त्यासाठी परवानगी घ्यावी लागते, व्यवस्थापक नोकरी सोडून गेला की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो, आणि हुकूम व पाणी यांच्यामध्ये इंटरनेटचा सारा प्रवास असतो. सर्व्हिसिंगचा रिमोट तंत्रज्ञाबरोबर यावा आणि त्याच्याबरोबर परत जावा. त्याने हुकूम पोहोचला की नाही हे हातातल्या पडद्यावर कळवावे, म्हणजे संदेश दोन्ही बाजूंनी जाणारा असावा. उतारावर समोरचा झोन डोळ्यांना दिसत नाही, तिथे नुसते बटण दाबल्याचे समाधान उपयोगाचे नाही. आणि मधेच संपर्क तुटला तरी ठरलेल्या मिनिटांनी झोन आपोआप बंद झाला पाहिजे.

फाटकाजवळच्या छोट्या बागेत बॅटरीवरचा कंट्रोलर आहे. त्याचे सोलेनॉइड क्षणभराच्या डीसी विजेने उघडतात आणि तसेच उघडे राहतात, त्यामुळे आमचे २४ व्होल्ट एसीचे कोणतेच साधन तिथे लावायचे नसते. तो ब्लूटूथवर चालतो. जवळ जाऊन उभे राहावे लागते, पण बागच एवढीशी आहे.

संध्याकाळी साताऱ्यात परत आल्यावर मालकांपुढे वही ठेवली. पंपाची तार, खडखडाटाची सोय, दोन्ही बाजूंचा संदेश आणि लांब पल्ला असलेला एक सार्वत्रिक रिमोट, आणि आमच्या बहुसंख्य ग्राहकांकडे ज्या कंपनीचे कंट्रोलर आहेत तिचा स्वतःचा एक, अशी माझी मागणी होती. परदेशी संकेतस्थळावर यापेक्षा स्वस्त मिळतात, असे ते म्हणाले. त्यांनी दाखवलेला रिमोट ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झवर चालणारा होता. हा पट्टा अमेरिकेत अशा उपकरणांना खुला आहे, आपल्याकडे नाही. त्या भागात आपल्या मोबाइल सेवा चालतात. इथे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ मध्ये परवानामुक्त झाला, २.४ गिगाहर्ट्झचाही आहे, आणि उपकरणाला दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची मान्यता लागते. ते कागद असलेलेच घ्यायचे, यावर वाद झाला नाही.

वाद झाला तो माणसांवरून. रिमोट आल्यावर एकाच माणसाला पाठवायचे, असा मालकांचा हिशेब होता. मी तात्यांच्या बॉल व्हॉल्व्हची हकिगत सांगितली. शेवटी हायवेलगतच्या सपाट मंगल कार्यालयांना एक जण जाईल आणि वाई-पाचगणीकडच्या उताराच्या जागांना दोघे, असे ठरले. सेवापत्रकातही एक ओळ वाढवली, सगळ्यांत वर: रिसिव्हर लावण्यापूर्वी प्रत्येक टप्प्याचा बॉल व्हॉल्व्ह शोधून एकदा हाताने फिरवून पाहावा.