डब्यात उरलेल्या चिठ्ठ्या

रथसप्तमी, रात्री साडेअकरा

सोसायटीचं हळदीकुंकू आज पार पडलं. पाय भरून आलेत, पण झोप येत नाहीये.

लकी ड्रॉ यंदा माझ्याकडे होता. 20 रुपयांचं कुपन, 84 बायका. एवढ्या पैशांत येवल्याची हातमागाची पैठणी कुठून येणार? सेमी-पैठणी घेतली आणि सोबत सहा स्टीलचे डबे. गेल्या वर्षी काही चिठ्ठ्या जाड कागदाच्या होत्या, चिमटीत त्याच येतात अशी कुजबुज झाली. म्हणून काल रात्री एकाच वहीची पानं पट्टीनं आखून कापली, प्रत्येक चिठ्ठीला सारख्याच चार घड्या. पिठाचा डबा सगळ्यांसमोर हलवला आणि चिठ्ठ्या काढायला तळमजल्यावरची चार वर्षांची चिमुरडी.

माझं सगळं लक्ष तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे होतं. काका गेल्यापासून त्या संक्रांतीला तिळगूळ पाठवायच्या, स्वतः यायच्या नाहीत. बोलावणंही जात नव्हतं, आणि मीही कधी गेले नाही, हे मला लागतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. एका गावाला जमलं, आणि आम्हाला एक जिना चढवेना! यंदा कुपनाचं पुस्तक घेऊन गेले.

"अगं, मी कशाला?"

"कुपन सगळ्यांना आहे, काकू."

त्यांनी पर्समधून दोन दहाच्या नोटा काढल्या. किती वेळ हातातच धरून ठेवल्या होत्या.

आज आल्या. हळदीकुंकवाचं ताट पुढे नेलं तेव्हा कपाळ क्षणभर मागे गेलं, मग पुढे आलं. मागच्या रांगेतून कुणीतरी पुटपुटलं. मी वळून पाहिलं नाही. ड्रॉ सुरू झाल्यावर मात्र काकू खुर्चीच्या अगदी कडेला बसून अर्धं कुपन मुठीत धरून ऐकत होत्या. प्रत्येक नावाला सगळ्यांबरोबर "अरे!" म्हणत होत्या. पैठणी दुसऱ्या विंगमधल्या नव्या सुनेला लागली. काकूंना काहीच लागलं नाही.

"पुढच्या वर्षी दोन कुपनं घेईन," जाताना म्हणाल्या.

आत्ता डबा ओट्यावर रिकामा केला. उरलेल्या 77 चिठ्ठ्यांतून त्यांची शोधून काढली. चार घड्या, इतर सगळ्यांसारख्याच.