तीन काडतुसांची मर्यादा : टेक्ससमधील पहिल्या शिकार-हंगामाचा माझा अनुभव

अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीसाठी वापरायच्या शॉटगनमध्ये एका वेळी तीनपेक्षा अधिक काडतुसे मावता कामा नयेत, असा केंद्र सरकारचा नियम आहे. दोन काडतुसे मॅगझिनमध्ये (बॅरलखालच्या साठवणीच्या नळीत) आणि एक चेंबरमध्ये (जिथून बार उडतो त्या कप्प्यात), एवढीच मुभा. बंदूक मुळात जास्त काडतुसांची असेल तर मॅगझिनच्या नळीत एकसंध प्लग, म्हणजे जागा अडवणारी दांडी, बसवावा लागतो आणि तो बंदूक खोलल्याशिवाय काढता येऊ नये, अशी अट आहे. बदके, हंस आणि होले या सर्वांना हा नियम सारखाच लागू आहे. टेक्ससमध्ये होल्यांच्या शिकारीची तयारी करताना या एका अटीने माझा जितका वेळ घेतला, तितका परवान्याच्या कागदपत्रांनीही घेतला नाही.

तरीही आधी परवान्याविषयी लिहायला हवे, कारण माझ्यासारख्या एच-१बी या नोकरीसाठीच्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. कायमचे वास्तव्य नसलेल्या परदेशी नागरिकाला येथे एरवी बंदूक बाळगता येत नाही, परंतु वैध शिकार परवाना असल्यास कायद्याने सवलत दिली आहे. त्यामुळे आमच्या बाबतीत परवाना आधी आणि बंदूक नंतर हाच क्रम पाळावा लागतो. दुकानात भरायच्या केंद्रीय अर्जातही या सवलतीविषयी स्पष्ट विचारणा असते. शिवाय २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना टेक्ससमध्ये शिकार-सुरक्षेचे प्रशिक्षण घ्यावे लागते. ते मी वर्गात बसून घेतले आणि कोणालाही तोच सल्ला देईन, कारण शंका समोरासमोर विचारता येतात.

तीन काडतुसांचा विषय निघाला तेव्हा एका तरुणाने विचारले, “मी तीनच भरणार असेन तर प्लगची गरज काय?” प्रशिक्षकांनी शांतपणे समजावून सांगितले की, तुम्ही किती भरली हे कायदा पाहत नाही, बंदुकीत किती मावतात हे पाहतो. रिकामी बंदूक घेऊन शेतात उभे असलात आणि तिच्यात पाच मावत असतील, तरी शिकारीच्या दृष्टीने ती बेकायदाच. मला हा नियम त्याच क्षणी पटला. माणसाच्या शब्दावर विसंबून चालणारा नियम रानात कोण तपासणार? बंदुकीत काय मावते हे मात्र कोणीही घटकाभरात पाहू शकतो.

या नियमामागे कटू इतिहास आहे. बाजारात विकण्यासाठी पक्षी मारण्याचा धंदा येथे इतका फोफावला होता की, कोट्यवधींच्या थव्यांनी उडणाऱ्या पॅसेंजर पिजन या जातीतला शेवटचा पक्षी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. चार वर्षांनी, १९१८ साली, स्थलांतरित पक्ष्यांच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा आला. पुढे १९३०च्या दशकातील दुष्काळात पाणथळी आटल्या, बदके झपाट्याने घटली आणि १९३५ साली तीन काडतुसांची मर्यादा लागू झाली. दाणे टाकून बदकांना भुलवण्यावर आणि जिवंत बदके आमिष म्हणून वापरण्यावरही त्याच वर्षी बंदी आली. आमच्या कोकणात पीकसंरक्षणाच्या परवान्यावर मिळणारी ठासणीची बंदूक एका बारानंतर पुन्हा भरावीच लागते. तिथे संयम बंदुकीच्या घडणीतच असतो. लागोपाठ बार काढणाऱ्या बंदुकीला तो बाहेरून घालावा लागतो आणि घातलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

मी वापरलेली रेमिंग्टन ८७० घेतली, पंप ॲक्शनची (प्रत्येक बारानंतर पुढची मूठ मागे-पुढे ओढून नवे काडतूस चढवायची), बारा बोअरची. पावणेतीन इंची चार काडतुसे तिच्या मॅगझिनमध्ये जातात, म्हणजे चेंबरमधले धरून पाच. आधीच्या मालकाने प्लग काढून टाकला होता, म्हणून नवा आणून घरी बसवला. प्रथम चेंबर आणि मॅगझिन रिकामे असल्याची बोटाने चाचपून खात्री केली, मग पुढची टोपी फिरवून काढली आणि बॅरल उतरवले. नळीच्या तोंडाशी स्प्रिंगला अडवणारी एक चकती असते. ती काढताना अंगठा दाबून धरावा लागतो, कारण स्प्रिंग जोरात बाहेर उसळते. स्प्रिंगच्या पोकळीत प्लगची दांडी सरकवली, चकती पुन्हा दाबून बसवली आणि बंदूक जुळवली. नकली काडतुसांनी पाहिले तेव्हा दोन आत गेली आणि तिसरे तोंडाशीच अडले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी : हल्ली पावणेदोन इंची आखूड काडतुसेही मिळतात आणि उरलेल्या जागेत ती जास्त मावू शकतात. म्हणून प्लग बसवल्यावर सर्वांत आखूड काडतूस घेऊनच चाचणी करावी.

परवाना घेताना काउंटरवरच्या बाईंनी मागील हंगामात कोणते पक्षी किती मारले, हे विचारून नोंदवले. स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीचा अंदाज बांधण्यासाठी केंद्राची जी पाहणी होते, तिच्यासाठी ही नोंद लागते. ती टाळू नये.

हंगाम १ सप्टेंबरला उघडला. शेताच्या कडेला गेम वॉर्डन, म्हणजे शिकारीचे नियम तपासणारे सरकारी अधिकारी, आले, परवाना पाहिला आणि बंदूक उघडी ठेवून हातात द्यायला सांगितली. त्यांनी स्वतःजवळचे काडतूस मॅगझिनमध्ये सरकवले, मग दुसरे. तिसरे अंगठ्याने रेटून पाहिले, ते आत जाईना. होले मोजले, दिवसाला पंधराची मर्यादा आहे, आणि ते शेजारच्या गटाकडे गेले.

आता बदकांच्या हंगामाची तयारी करतो आहे. त्यासाठी पंचवीस डॉलरचा केंद्रीय डक स्टॅम्प (परवान्यासोबत घ्यायचे शुल्काचे तिकीट) लागेल आणि शिशाचे छर्रे चालणार नाहीत, कारण बदकांच्या शिकारीत ते १९९१ पासून देशभर बंद आहेत. पोलादी छर्‍यांची काडतुसे आणली आहेत, ती तीन इंची आहेत. प्लग तोच राहील.